ताईचं कॉलेज आणि खडूसर

आमची ताई चष्म्याच्या दुकानात काम करायची. नंबरच्या काचा मशीनवर घासून फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. बाबा गेले तेव्हा तिनं शिक्षण सोडलं होतं. पुढे मी नोकरीला लागले आणि सत्ताविसाव्या वर्षी तिनं सरकारी विद्यापीठात गणिताला प्रवेश घेतला. सकाळी वर्ग, अकरापासून दुकान. वर्गातली पोरं तिला ‘मावशी’ म्हणायची. मावशीकडे वह्या मागायला कुणाला लाज वाटत नाही, एवढाच काय तो तोटा, असं ती हसून सांगायची.

तिथे एक सर होते. कोटाच्या दोन्ही खिशांत खडूचे तुकडे आणि चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. पोरांनी त्यांचं नाव ‘खडूसर’ पाडलं होतं. त्यात खडूही आला आणि खडूसही.

दुसऱ्या वर्षी ताईनं त्यांना काचेतून प्रकाश नेमका कसा वळतो, त्याचं गणित विचारलं. सरांनी अर्धा फळा भरला आणि खडू खाली ठेवला. म्हणाले, याच्या पुढचं मला येत नाही, आपल्याकडे तो विषयच नाही. नदीपलीकडच्या कॉलेजात आहे, तिथे अर्ज कर.

त्या कॉलेजात पहिल्या वर्षालाच प्रवेश मिळायची मारामार. मधूनच दुसरीकडून येणाऱ्यांना तर पाच-सहा जागा. ताई म्हणाली, “सर, मला कोण घेणार तिथे?”

“नाही म्हणायचं काम त्यांचं आहे. ते आपण कशाला करायचं?”

ताईनं अर्ज आणला आणि घोडं अडलं. आधी शिकलेल्या प्रत्येक विषयाचा तपशील हवा होता: कोणते धडे, किती तास, कसली उदाहरणं. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर नुसती विषयांची नावं. कार्यालयातल्या कारकुनानं सांगितलं की अभ्यासक्रमाचे कागद नळ फुटला तेव्हाच भिजून गेले. मुदतीला पंधरा दिवस उरले होते. ताईनं अर्ज घडी करून कपाटात टाकला आणि आईला सांगितलं, जाऊ दे, नाहीतरी दुकानात बरं चाललंय.

खडूसरांना हे कळलं. त्यानंतर नवव्या दिवशी त्यांनी ताईच्या हातात कागदांचा गठ्ठा ठेवला. चार विषय, अडतीस पानं, सगळं हातानं लिहिलेलं. त्यातले दोन विषय त्यांनी शिकवलेच नव्हते. त्यासाठी ते दोघा प्राध्यापकांच्या घरी जाऊन बसले होते. हा माणूस एरवी कुणाच्या लग्नालाही जायचा नाही. हात वर केलेला तो कारकूनही वरमला असावा. जेवणाची सुट्टी सोडून त्यानं पानापानावर शिक्का मारून दिला.

मुलाखतीला तीन प्राध्यापक होते. त्यांनी घातलेलं गणित ताईनं निम्म्यापर्यंत सोडवलं आणि सरळ सांगितलं की इथून पुढे येत नाही. त्यातल्या बाई मघापासून ती अडतीस पानं चाळत होत्या. त्यांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? आमच्या सरांनी, ताई म्हणाली. बाईंनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

प्रवेशाचं पत्र मी दुकानात घेऊन गेले. ताईचे हात मशीनच्या पाण्यात होते, म्हणून मीच मोठ्यानं वाचलं. दुकानाच्या मालकानं गिऱ्हाइकाला थांबवून मला ते पुन्हा वाचायला लावलं.

तिथल्या पहिल्या परीक्षेत ताई शेवटून दुसरी आली. महिनाभर तिला जेवण गोड लागलं नाही. मग हळूहळू ती मध्यावर पोचली आणि तिथेच राहिली. पहिली-बिहिली कधी आली नाही. पण आधीचे चारही विषय तिथे धरले गेले, वर्ष वाचलं, पदवी मिळाली. आता ती सूक्ष्मदर्शकांची भिंगं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची गणितं करते.

पदवी हातात पडली तशी ती सरांच्या घरी गेली. ते निवृत्त झाले होते. त्यांनी अभिनंदन वगैरे केलं नाही. प्रकाशाच्या विषयाची वही मागून घेतली आणि वाचत बसले. चहा गार झाला.

“हे मला शिकवशील का?” त्यांनी विचारलं.

ताईला वाटलं चेष्टा करतायत. “मी तुम्हाला काय शिकवणार, सर?”

“हेच. मला हे कधी शिकायलाच मिळालं नाही.”

तेव्हापासून दर रविवारी ती त्यांच्याकडे जाते. सरांच्या पत्नी तक्रार करतात की ताईनं दिलेला अभ्यास हे शनिवारपर्यंत लांबवतात. गेल्या रविवारी मीही गेले होते. सरांनी अशी एक शंका काढली की ताईला उत्तर देता येईना. विचारून सांगते, म्हणाली.

परतताना मी म्हटलं, ओशाळं नाही वाटलं?

“नाही गं,” ती म्हणाली. “त्यांनी माझ्यासाठी एवढं केलं. मला त्यांच्यासाठी काही करायला मिळतंय, हेच खूप आहे.”

आणि बसथांब्यावर उभ्या उभ्याच तिनं वही उघडली.