ओवाळायचं कुणाला?

माझा थोरला भाऊ इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात ऊसनोंदीचा कारकून होता. कुणाच्या रानात लावण कधी झाली, तोड कधी द्यायची, सगळं त्याच्या वहीत. मग ती नोंद शेतकऱ्यांच्या मोबाइलवर गेली आणि वहीबरोबर त्याची खुर्चीही गेली. ऊस तोडणारे राहिले, यंत्रं सांभाळणारे इंजिनिअर राहिले. मधले तेवढे घरी बसले. नेमके मधलेच का, हे कोडं मला अजून पुरतं सुटलेलं नाही.

वहिनी मिरजेला नर्स. त्याच वर्षी ती जर्मनीतल्या नोकरीसाठी जर्मन शिकायला लागली. भाकरी थापताना क्रियापदं पाठ करायची. मी साताऱ्याहून गेले की तिला छळायचे, "वहिनी, तिकडं माणसंच नाहीत का म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला?"

"हायत की. पर त्यांच्या पोरींना नको हाय ते काम."

म्हणजे तिथल्या पोरी दुसऱ्या कामांना गेल्या, त्यांच्या जागी आमची वहिनी. आणि मिरजेत वहिनीच्या जागी कोण? ही साखळी कुठवर जाते, याचं मला भारी कुतूहल. घरात मात्र एकच प्रश्न होता: दादा तिला 'जा' म्हणतो का. कागदांवर त्यानं मुकाट सह्या केल्या, पण तोंडातून शब्द नाही. मला त्याचा राग यायचा. वहिनी वाट बघत होती.

आमच्या घरातले बरेच पुरुष फौजेत. सुट्टी संपवून कुणी निघालं की घरातल्या बाईनं ओवाळायचं, हातावर दही घालायचं. लग्न होऊन आल्यापासून ते काम वहिनीचंच. ती निघाली त्या सकाळी आम्ही सगळे दारात ताटाची वाट बघत उभे, तर निरांजन लावून ताट घेऊन तीच बाहेर आली. उंबऱ्यात थबकली. आता ओवाळायचं कुणाला? आम्हांला हसू फुटलं.

दादा हसला नाही. त्यानं तिच्या हातातलं ताट घेतलं आणि उलटंच फिरवलं.

"आवं, तसं न्हवं. उजवीकडनं," ती हळूच म्हणाली.

त्यानं पुन्हा फिरवलं. मग तिच्या तळहातावर दही घालत म्हणाला, "जा तू. मला लय भ्या वाटतंय, पर तू जा."

वहिनीनं दही खाल्लं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आमच्यासमोर रडली.