दाराची वरची कड

रंगाऱ्याची एक बढाई होती आणि ती ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते. बाकीचे रंगारी दार रंगवतात, पण त्याची वरची कड कोरडीच सोडतात. तिथे बघायला कोण जातंय? "मी नाही सोडत," असं तो तीस वर्षं सांगत आला.

मग डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं छत रंगवताना शिडीवरून पडला. जेमतेम मिनिटभर शुद्ध गेली असेल, पण तेवढ्यात जे दिसलं त्याने त्याची पाचावर धारण बसली. तो छताला टेकून खाली बघत होता. खाली फरशीवर तोच आडवा पडलेला, एक चप्पल पायात, एक टेबलाखाली. डॉक्टरीणबाई त्याचे गाल थोपटत होत्या. आणि समोर दाराची वरची कड. नुसतं उघडं लाकूड, रंगाचा थेंब नाही.

डोक्याला चार टाके पडले, जखम भरलीही. पण गडी शिडीवर पाय ठेवीना. "परत अंगातून बाहेर पडलो आणि वाट चुकलो तर?" बाकडी रंगव, फाटकं रंगव, असं चाललं. भिंत घेतलीच तर हात पोचेल तिथवर. असा रंगारी कोण बोलावणार? दोन महिन्यांत कामं आटली. बायको त्याला 'अर्ध्या भिंतीचे' म्हणायची, हसत, पण भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबायचा.

मेहुण्याला मात्र चेव चढला होता. "दाजी, आत्माच तो. देहाशी गाठ सैल झाली होती. आता जपा, उंचावर तर जाऊच नका."

"तू गप रे," बायको भावाला म्हणाली. "आधीच ते स्टुलावर चढत नाहीत."

टाक्यांचा वण दाखवायला गेल्यावर रंगाऱ्याने सगळं डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत.

"काका, मेंदूत कानाच्या वरच्या बाजूला एक जागा असते. डोळ्याला दिसलेलं, कानातला तोल, हातापायांची जाणीव, या सगळ्याचा मेळ ती घालते, म्हणून आपण कुठे आहोत ते कळतं. मार बसला की मेळ बिघडतो. मग मेंदू माहीत असलेलं जोडून चित्र काढतो. वरून बघितल्यासारखं."

"मग कड कोरडी कशी दिसली? ती तर मी रंगवलीय."

"चढून बघा की. दार तेच आहे."

आता आली पंचाईत. मेहुणा सोबत आलेला, बायको उभी, आणि अब्रूचा प्रश्न. शिडी अजून कोपऱ्यातच होती, शेजारी रंगाचा डबा आणि ब्रश. बायकोने ती दाराशी लावली आणि दोन्ही हातांनी धरली. पहिल्या पायरीवर त्याला घाम फुटला. दुसरीवर त्याने डोळे मिटले. तिसरीवर उघडले.

कड कोरडी होती. वर धूळ आणि एक मेलेली माशी.

"बघा," मेहुणा खालून म्हणाला, "आत्म्याशिवाय कुणाला दिसणार हे?"

"ज्याने सोडली त्याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मनात सलत असेल काकांच्या."

रंगाऱ्याने कडेवरून बोट फिरवलं. त्याला आठवलं. त्या दिवशी कंबर भरून आली होती. उद्या बघू म्हणून कड तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी छताला लागला. तीस वर्षांत एकदाच. निदान त्याच्या लेखी तरी.

"वर गेला तो कोण होता ते तुम्ही दोघं ठरवा," तो म्हणाला. "पण त्याला काम कळत होतं. ब्रश द्या वर."

बायकोने डबा आणि ब्रश दिला. त्याने फडक्याने धूळ पुसली, माशी उडवली, कड रंगवली, मग कोपरा पुन्हा एकदा. डबा एका हातात, ब्रश दुसऱ्यात, आणि शिडीला हात कुठलाच नाही. बायकोने ते पाहिलं आणि शिडीला खांदा लावला.

मग त्याची नजर वर गेली. पडला तेव्हापासून छत अर्धंच राहिलं होतं.

"शिडी जरा तिकडे सरकव," तो खाली उतरत म्हणाला. "आणि घट्ट धर हां."