रेघेवरच्या मॅडम

आमच्या मॅडमइतका जमिनीवर विश्वास ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. शिंगणापूरचे लोक घराला दार न लावता ज्या निर्धास्तपणे झोपतात, त्याच निर्धास्तपणे मॅडम पायाखालच्या मातीवर भिस्त ठेवतात. माणसं चुकतात, नकाशे चुकतात, मोबाईल तर विहिरीच्या काठावर नेऊन 'तुम्ही पोहोचला आहात' म्हणून मोकळा होतो. जमीन मात्र कधी खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. आणि हे त्या इतक्या शांतपणे सांगतात, की ऐकणाऱ्याला नकळत आपल्या चपलांकडे जरा आदराने बघावंसं वाटतं.

मॅडम म्हणजे मला गाडी शिकवणाऱ्या मॅडम. नगरमधल्या निम्म्या बायका त्यांच्याच हाताखाली क्लच सोडायला शिकल्या. मी पंचेचाळिशीत शिकले, सगळ्यात उशिरा आणि बहुधा सगळ्यात वाईट, पण शिकवणी संपली तरी आमची संगत संपली नाही. त्यांच्या गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेक आहे. जन्मभर त्या बाजूला बसून बसून त्यांचा उजवा पाय रिक्षात, एसटीत, लग्नमंडपातल्या खुर्चीवरसुद्धा मधूनच दाबला जातो. एकदा कीर्तनात बुवा फारच भरधाव सुटले, तेव्हा शेजारी बसलेल्या मॅडमची टाच सतरंजीत रुतलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

अशा पक्क्या व्यवहारी बाईला साठीच्या आसपास रेघांचा नाद लागला. जुनी देवळं, बारवा, दर्गे, वेशीवरचे दगड हे वाटेल तिथे उभे नाहीत. जमिनीच्या पोटातून सरळ रेघा गेलेल्या आहेत आणि जुन्या लोकांनी त्या ओळखून त्यांच्यावरच हे सगळं मांडलं, असं त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं. तिकडे इंग्लंडात म्हणे माणसं हातात काड्या घेऊन अशा रेघा शोधत रानोमाळ हिंडतात. "तिकडच्या जमिनीत आहेत, मग आपली जमीन काय रिकामी आहे?" असं म्हणून मॅडमनी एमआयडीसीतल्या एका वेल्डरकडून दोन पितळी काड्या काटकोनात वाकवून आणल्या. मुठीत त्या सैल फिराव्यात म्हणून बॉलपेनच्या रिकाम्या नळ्या बसवल्या. दोन्ही हातांत एकेक काडी समोर धरून चालायचं. रेघ आली की काड्या आपोआप वळून एकमेकींवर आडव्या येतात. तेव्हापासून दर रविवारी गाडी मी चालवायची, ब्रेक मॅडमनी दाबायचा आणि रान दिसलं की दोघींनी उतरायचं, असा आमचा क्रम ठरला.

आता सरळ रेघ धरून शेतातून चालणाऱ्या दोन बायका बघून गावाला काय वाटेल, याचा विचार मॅडमनी केला नव्हता. राहुरीकडच्या एका वस्तीवर एक म्हातारेबाबा काठी टेकत आमच्या वाटेतच येऊन उभे राहिले.

"मोजनीच्या बाया का तुमी? हायवे हितनं न्ह्यायचा ठरला का?"

"नाही बाबा. ही रेघ फार जुनी आहे. सरकारच्या आधीची," मॅडम म्हणाल्या.

बाबांनी काड्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, मग आपल्या कांद्याच्या वाफ्यांकडे पाहिलं. त्यांचा हात काठीवर घट्ट आवळलेला होता. "म्हंजी माजी जमीन जानार न्हाई?"

"कुठंच जाणार नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या रेघ. तिचं काय वझं हाय व्हय," बाबा म्हणाले आणि आम्हाला चहाला घेऊन गेले. निघताना हळूच म्हणाले, "तेवढं बोर कुटं घ्यावं ते बगून जावा." मॅडमनी सांगितलं, की मी पाणी बघत नाही, नुसती रेघ बघते. त्यावर बाबांना आमची जी दया आली, ती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

मीही तेव्हा मनातून बाबांच्याच बाजूची होते. पण एका हिवाळ्यात कर्जतच्या बाजूला ज्वारीच्या रानातून चालत असताना मॅडमच्या काड्या एका बांधाशी वळल्या आणि एकमेकींवर स्थिर झाल्या. समोर काहीच नव्हतं. घायपाताची आणि घाणेरीची जाळी, बस. मी परत फिरायला निघाले. मॅडम हलल्या नाहीत. खुरपत असलेली एक बाई कमरेवर हात देऊन उभी राहिली. "काय हारवलं का, ताई?"

"इथं कधी देऊळ होतं का हो?" मॅडमनी विचारलं.

"देऊळ न्हाई. देव हाय." ती आली, खुरप्याने जाळी बाजूला सारली. आत कमरेएवढा दगड होता. खाली गाईंची रांग, मध्ये ढाल-तलवार घेतलेला माणूस, वर चंद्र आणि सूर्य. कधीकाळी कुणाच्या तरी गाई राखताना पडलेला हा वीर. कपाळावर ताजं कुंकू होतं. "आमच्या सासूच्या सासूपासनं निवद ठिवत्यात. कोन हाय ते कुनालाच ठावं न्हाई," ती म्हणाली. ज्वारीची पानं सळसळत होती आणि माझ्या अंगावर काटा आला होता. नाव पुसलं गेलं तरी नैवेद्य चुकला नव्हता. मॅडमनी काड्या खाली ठेवल्या आणि डोक्यावर पदर घेतला.

गाडीकडे परतताना माझं शहाणपण जागं झालं. म्हटलं, "मॅडम, आपल्या जिल्ह्यात डोळे मिटून कुणीकडंही चाललं तरी असा एखादा दगड आडवा येतोच."

"मग चालून दाखव."

मी चालले आणि उसाच्या पाटात गुडघाभर पाण्यात उतरले. मॅडमनी शांतपणे हात पुढे केला. "आला का दगड?"

पुढे तोच हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप, मग गाडीची किल्ली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. मॅडमनी गाडी शिकवणं बंद केलं. पण रविवारी बाहेर पडणंही त्या टाळू लागल्या, तेव्हा मी जवळजवळ ओढूनच त्यांना पारनेरच्या माळावर नेलं. टेकडीवर एक जुनं काळ्या दगडाचं शिवालय आहे. संध्याकाळ होत आली होती, वारा पडला होता, दूरच्या पवनचक्क्या निश्चल उभ्या होत्या.

मॅडमनी काड्या माझ्या हातात दिल्या. "माझ्या हातात त्या आता सारख्याच हलतात. हे थरथरणं कधीपासून सुरू झालं, कोण जाणे. तू धर."

त्या नक्की कशाला घाबरल्या आहेत, ते मला तेव्हा कळलं. मी देवळाच्या दारातून निघाले. माळ पिवळा पडला होता आणि इतका शांत होता, की माझी चप्पल मला ऐकू येत होती. बराच वेळ काही झालं नाही. मग एका ठिकाणी दोन्ही काड्या आत वळल्या. सावकाश, कुणी मनगट धरून वळवावं तशा. त्या कशाने वळल्या, ते मला आजही सांगता येत नाही.

"हलल्या?" मॅडमनी मागून विचारलं.

"हो. इथं."

त्या आल्या, चपला काढून त्या जागी उभ्या राहिल्या. हात थरथरत होते, पण पदराआड लपवले नाहीत. "म्हणजे इतकी वर्षं नुसता माझा हात नव्हता," त्या म्हणाल्या आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

आता काड्या मी धरते आणि मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवून मागून चालतात. बहुतेक रविवारी काहीच हलत नाही. मी वळून मान हलवते. त्या थोडा दम घेतात, पुढचा माळ न्याहाळतात आणि म्हणतात, "चल अजून. जमीन कुठं संपलीय."