साळुबाईची लाल सुतळी

साळुबाईचं घर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. भाताची कापणी उरकली की ती मंचरला कांद्याच्या वखारीत यायची आणि पोत्यांची तोंडं शिवायची. शेजारणीचं एक पोतं होईस्तोवर हिची दोन व्हायची, आणि हे ती शेजारणीला रोज सांगायचीही. वखारीचे मालक चांगदेवशेठसुद्धा तिला जरा वचकूनच असत.

१९९० च्या हिवाळ्यात शेठनी दुबईला कांदा पाठवला. तेव्हा आखातात लढाईचं वारं होतं, इराकची समुद्रातून नाकेबंदी झालेली. परदेशी लढाऊ जहाजांनी शेठचा माल नेणारी बोट अडवली आणि एका बंदरात नेऊन अडकवून ठेवली. माल दुबईचा नाहीच, चोरून इराकला चाललाय, असं त्यांचं म्हणणं. बोटीचा मालक तिकडच्या कोर्टात गेला. खटला वर्षानुवर्षं लांबला. कांदा काही तेवढा थांबला नाही. पुरावा म्हणून तळाशी फाडून रिकामं केलेलं एक पोतं उरलं.

१९९४ साली त्या कोर्टासाठी साक्षी नोंदवायला एक अधिकारी आणि दोन्ही बाजूंचे वकील मुंबईहून घोडेगावला आले. शेठच्या वखारीत दुबईच्या मालाला लाल सुतळी आणि बाकी सगळ्याला पांढरी, अशी रीत होती. ती सांगायला साळुबाईला बोलावणं आलं. समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. तरी पंधरा दिवस आधीपासून ती पाणवठ्यावर "माज्या बोटीची केस" म्हणू लागली. साक्षीच्या दिवशी एसटीचा भरवसा नको म्हणून पहिल्याच गाडीनं आली आणि घोडेगावच्या कचेरीच्या कुलूपबंद दारासमोर नवं लुगडं सावरत तीन तास बसली.

अधिकाऱ्यापुढे पोतं ठेवलं गेलं. तोंडाला पांढरी सुतळी! विरुद्ध बाजूचे वकील खुशीत आले.

"बाई, हे तुम्ही शिवलंय?"

साळुबाईनं टाका पाहिला आणि तिचं तोंड वाकडं झालं. "ह्यो टाका माजा? न्हाई बा! पळता पळता शिवला का काय कुनी?"

शेठनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे पोतं तुमच्या वखारीचं नाही?"

"पोतं आमचंच. छाप दिसंना व्हय तुमाला? टाका आमचा न्हाई." तिनं पोत्याची कड उजेडात धरली. "ही भोकं बगा. दोन-दोन बोटांवर, एका रांगंत. ही माजी. आन् ह्या दोन भोकांत तांबडा धागा अजून अडकलाय. माजा टाका उसवून हे गबाळं कुनी केलं, त्याला बोलवा आदी."

बोट अडवल्यावर झडतीसाठी पोती उसवली होती, हे विरुद्ध बाजूच्याच कागदांत होतं. पुन्हा शिवल्याचं मात्र कुणी लिहिलं नव्हतं. अधिकाऱ्यानं भिंग मागवून धागा पाहिला. वकिलांनी तरी नेट लावला.

"लाल सुतळी असली, तरी बोट इराकला गेली नसती कशावरून?"

"मी पोती शिवती, भाऊ. बोट न्हाई हाकत."

अधिकाऱ्याला तेवढ्यात खोकला आला.

निकाल लागला १९९७ साली. बोटीच्या कागदांना साळुबाईच्या जबानीची जोड मिळाली होती, बोट सुटली. निकालपत्रात तिचा उल्लेख 'कुशल साक्षीदार' असा होता. शेठनी ते मराठीत सांगितलं. तिनं तीनदा सांगायला लावलं.

मग ती म्हणाली, "शेठ, त्या बोटीवरली मानसं एवढं दिस काय खात व्हती?"

"माणसं सात महिने अडकली होती म्हणे, मग बोट तिथंच ठेवून त्यांना घरी सोडलं. पहिले काही दिवस आपलाच कांदा खाल्ला."

"लई तिखट न्हाई ना लागला त्यांना?"

शेठना ते कुठून ठाऊक असणार? पण ती समोरून हलेना. शेवटी त्यांनी बोटीच्या मालकाला तेवढंच विचारणारं पत्र धाडलं. दीड महिन्यानं उत्तर आलं. कांदा गोड होता, असं त्यात लिहिलं होतं.