रंजनाचे सोळा फोन

रंजना भोये माझ्या दुकानात आली तेव्हा तिच्याजवळ पेचकसांची एक डबी, काच सोडवायची गरम हवेची हीट गन आणि बिजागरी तुटलेला लॅपटॉप एवढंच होतं. माझं जव्हारला एसटी डेपोसमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दाराशी दोन हात जागा रिकामी पडली होती, तिथे तिने मोबाइल दुरुस्तीचं टेबल टाकलं. मोखाड्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरची पोर, आयटीआय केलेली, वय चोवीस-पंचवीस. पहिले काही महिने गिऱ्हाईक तिच्यासमोर उभं राहून मलाच विचारायचं, "लक्ष्मणशेठ, दुरुस्तीवाला कधी येणार?"

"समोर बसलीय की," मी म्हणायचो.

काचा बदलणं, चार्जिंगचा पॉइंट बदलणं ही कामं ती हसतखेळत करायची, पण तिचा जीव फोनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये होता. दुपारी गर्दी ओसरली की लॅपटॉपवर इंग्रजी पानं उघडायची, अडलेले शब्द वहीत उतरवायची. मला विचारायची, "काका, थ्रॉटल म्हंजे काय?" मी अर्ज टाइप करणारा माणूस, मला काय ठाऊक! पुढे तिनंच शोधून काढायचं आणि मलाच समजावून सांगायचं, की फोन तापला की आपला वेग आवरतो, ते थ्रॉटल.

एका मार्चमध्ये तिची वहिनी मीना आली. मीना त्यांच्या पाड्यावरची अंगणवाडी सेविका. आल्या आल्या तिने कामाचा सरकारी फोन टेबलावर ठेवला.

"रंजी, हा फोन दगडावर आपटू का सांग."

"काय झालं?"

"आहाराची पाकिटं द्यायची तर आधी आईचा चेहरा ह्याच्यात दाखवावा लागतो. ॲप फिरतं, फिरतं आणि बंद पडतं. वरच्या पाड्यावर काळी म्हणून एक बाय हाय, ती पोरगी कडेवर घेऊन तीनदा उतरली. तीनदा हात हलवत गेली. पाकिटं माझ्या पाठीमागं रचलेली, आणि मी तिला नाय म्हणते."

रंजनाने फोन दोन दिवस ठेवून घेतला. मग मला म्हणाली, "फोन मेलेला नाय काका. ह्याला बांधून ठेवलाय." तिने सांगितलं ते मला समजलं ते असं: फोनच्या आत कर्नल नावाचा एक मुकादम असतो. प्रोसेसरने किती जोरात काम करायचं, कधी दम खायचा, हे तो ठरवतो. कंपनीचा मुकादम सावध असतो. कोणी जाणकाराने लिहिलेला दुसरा मुकादम बसवला, तर तोच प्रोसेसर जास्त वेगाने राबवता येतो. त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात.

वहिनीच्या फोनमध्ये तिने काही बदललं नाही, तसाच परत दिला. आधी तसलाच एक जुना फोन मिळवला आणि त्याच्यावर तीन आठवडे घालवले. पहिल्यांदा कर्नल टाकला तेव्हा तो सुरूच झाला नाही, कंपनीच्या चिन्हावर अडकून बसला. दुसऱ्यांदा सुरू झाला, पण इतका तापला की हातात धरवेना. अंगणवाडीवर पत्रे होते, उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची, म्हणून ती फोन भर उन्हात माझ्या पायरीवर ठेवून तपासायची. शेवटी तिने वेग थोडा उतरवला. "कमी पळू दे, पण पडायला नको," म्हणाली. चेहरा ओळखायला जिथे दोन-अडीच मिनिटं लागत, तिथे पंधरा सेकंद लागायला लागले.

तरी तिने वहिनीला बजावलं. "ह्याच्यासाठी फोनचं आतलं कुलूप उघडावं लागतं. सुरू करताना दर टायमाला तशी सूचना येईल. गॅरंटी जाईल. मॅडमना विचारल्याबिगर मी करणार नाय."

मीनाने विचारलं. पर्यवेक्षिका रुचिरा मॅडम स्वतः दुकानात आल्या. रंजनाच्या नमुन्याच्या फोनवर त्यांनी ॲप चालवून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे आधी का नाही कोणी केलं? माझ्या बाकीच्या पंधरा केंद्रांची हीच रड आहे." चार दिवसांनी पंधरा फोन आले. सोबत मॅडमच्या अक्षरातली केंद्रांची यादी, वर ओळ होती: रंजना भोये यांच्याकडून फोन फास्ट करून घेणे. खाली सही. यादीची झेरॉक्स मीच काढली. मशीनने दोन प्रती ओढल्या. मूळ यादी आणि एक प्रत मॅडमकडे गेली, दुसरी माझ्या खणात पडली.

मीनाचा धरून सोळा फोन. कुलूप उघडलं की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी एकेका सेविकेला नेटवर्कच्या टेकाडावर पाठवून तिने अडकलेल्या नोंदी वर पाठवायला लावल्या. मग एकेक फोन केला.

पाच महिने छान गेले. काळीच्या पोरीचं वजन चढत होतं. मीना बाजाराला आली की आधी तेच सांगायची. मॅडमचा जिल्ह्याला सत्कार झाला, नोंदी वेळेवर भरल्याबद्दल. त्यांचा शाल-श्रीफळ घेतलेला फोटो मीनाने रंजनाला दाखवला. रंजनाचं नाव कुठेच नव्हतं. "बरं झालं," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

ऑगस्टच्या शेवटी ॲपची नवी आवृत्ती आली. त्या आवृत्तीने सोळाही फोन नाकारले. फोनचं कुलूप उघडं आहे, हे उपकरण भरवशाचं नाही, एवढं सांगून ती बंद व्हायची.

रंजना त्याच दुपारी मॅडमकडे गेली. मीही बरोबर होतो.

"मॅडम, दोन दिवस द्या. सगळ्यांत कंपनीचं मूळचं सॉफ्टवेअर भरून देते, कुलूप लावून देते. हळू चालतील, पण चालतील."

मॅडमनी दार लोटून घेतलं. "आता फोनला हात लावू नकोस. वरून विचारणा आली आहे."

"पण पाकिटं—"

"मी सांगितलं ना!"

तोवर मॅडमचा अहवाल वर गेलेलाही होता. अनोळखी व्यक्तीकडून फोनशी छेडछाड झाल्याचे निदर्शनास आले, असं त्यात लिहिलं होतं. सोळा फोन कापडी पिशवीत घालून, लाखेचं सील लावून, पुरावा म्हणून कपाटात गेले. दोन दिवसांचं काम होतं. सील लागल्यावर ते कोणालाच करता येईना.

मग चौकशीला एक साहेब आले. माझ्याच दुकानात खुर्ची टाकून बसले. रंजनाने सगळं खरं सांगितलं.

"मॅडमनी पाठवले, याचा कागद?"

"यादी होती. त्यांच्याकडंच गेली."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही पाहिली होती?"

माझं निम्मं काम सरकारी कचेऱ्यांचं. टेंडरचे गठ्ठे, सभेच्या प्रती, सगळं माझ्याकडे येतं. खणात हात घालायचा अवकाश होता.

"माझ्याकडे रोज शेकडो कागद येतात साहेब," मी म्हणालो. "सगळे कुठे वाचतो?"

रंजनाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबांनी पुढे केलेल्या कागदावर तिने सही केली आणि पेनाला टोपण लावून ते परत दिलं. साहेब गेल्यावर मी खणातली प्रत फाडली. ठेवून काय करायची होती?

मीनाने दोनदा काळीचा चेहरा न घेताच तिला पाकिटं दिली, वहीत लिहून. तिसऱ्या वेळी मीनाच्या हातात मेमो पडला. मग ती थांबली. दिवाळीनंतर काळीचं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलं, पोरगी घेऊन. "वजन उतरत होतं," मीना मला म्हणाली. "शेवटचं मी वहीत लिहिलं. वही कोणी उघडून बघितली नाय." उरलेल्या पाकिटांची तारीख उलटली. चार माणसांसमोर खड्डा खणून ती पुरली आणि त्याचा फोटो मात्र वर पाठवावा लागला.

चौकशीत कोणावर काही ठरलं नाही. फेब्रुवारीत पिशवी उघडली तेव्हा सातांच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या. नवे फोन आले. रुचिरा मॅडम बढतीवर दुसरीकडे गेल्या. रंजनाला एका ओळीचं पत्र मिळालं, कार्यालयीन उपकरणांच्या कोणत्याही कामास तिला मनाई. पण गावात ते एका ओळीचं राहिलं नाही. सरकारी फोन फोडणारी, आतली माहिती काढणारी, असं काहीबाही लोक बोलायला लागले. गिऱ्हाईक पायरीवरून परत फिरायचं. होळीच्या आधी तिने टेबल उचललं. "येते काका," एवढंच म्हणाली.

गेल्या महिन्यात मी नाशिकला गेलो होतो, मुद्दाम वाकडी वाट करून, ती आता नोकरी करते त्या मोबाइल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. गळ्यात ओळखपत्र, निळा शर्ट. तिने पाणी आणून दिलं, घरच्यांची चौकशी केली.

"इथं कर्नल वगैरे?" मी विचारलं.

"इथं फोन बिघडला की आतला अख्खा बोर्ड बदलायचा. सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही, असा नियम आहे." तिचं बोलणंही शहरी झालं होतं. "बरं आहे. डोकं लागत नाही."

"मीना सांगत होती, नवे फोनही अडकतात. चेहरा घेत नाहीत."

"घेणार नाहीतच. मॉडेल माहीत आहे मला."

"तू एकदा बघितलंस तर..."

ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "आणि कोणी विचारलं, तर तुम्ही काय सांगाल काका?"

पुढचा नंबर पुकारला गेला. एक बाई फुटलेल्या काचेचा फोन घेऊन काउंटरशी आली आणि रंजनाने तिच्यासमोर फॉर्म ठेवला.