वाहणाऱ्याच्या तोंडावर

त्या दिवशी रंगराव पहाटे साडेचारला उठले. खामगावच्या जिनिंग कारखान्यात तीस वर्षं कापसाच्या गाठी वाहिल्या, तेव्हापासूनची ही सवय. पण आज मन जड होतं. नाल्यापलीकडच्या घरांची पाळी होती.

गेल्या पावसाळ्यात गावात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा एका संस्थेने धान्याच्या पिशव्या पाठवल्या. रंगरावांनी त्या पाठीवर वाहून घरोघर दिल्या, मजुरी न घेता. ती मदत खरोखर कशी पोचली, याचा अभ्यास करायला आता अर्पिता नावाची तरुणी आली होती. दर तिसरं घर घ्यायचं आणि प्रत्येकाला तेच सोळा प्रश्न विचारायचे. घरं दाखवायला रंगराव, रोजाने.

तीन दिवसांत तीस घरं झाली. उत्तर एकच, वेळेवर भेटलं, सारं भेटलं.

पलीकडे सात घरं. वाटपाच्या त्या संध्याकाळी नाला कमरेच्या वर होता. सात पिशव्या अलीकडच्या मंदिरात ठेवून रंगराव घरी गेले. पुढे काय झालं, हे विचारायचा धीर त्यांना वर्षभर झाला नाही.

पाळीचं घर रुक्मिणीबाईंचं निघालं. त्यांनी रंगरावांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भेटलं नं. भाऊनं सोता आणून देल्लं."

अर्पिताने लिहिलं. अंगणाबाहेर येताच रंगराव थांबले.

"ताई, हे खोडा. म्या आणलंच नव्हतं."

"मग त्या असं का म्हणाल्या?"

"ज्यानं पाठीवर वायलं, त्याच्या तोंडावर कोन नाही म्हनते?"

आता काम जाणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं. अर्पिताने वही मिटली.

"चूक माझी, काका. तुम्हालाच सोबत घेऊन विचारत बसले. तीसही घरं पुन्हा करू. तुम्ही घर दाखवायचं आणि लांब बसायचं, बोलणं ऐकू येणार नाही इतकं."

सुरुवात याच घरापासून झाली. रंगराव लिंबाखाली जाऊन बसले. मघाशी दहा मिनिटांत उरकलेल्या घरात आता अर्धा तास गेला. मग रुक्मिणीबाई स्वतःच त्यांच्याकडे आल्या.

"सांगून टाकलं बरं खरं. दुसऱ्या दिवशी पानी उतरलं, आम्हीच डोक्यावर आनल्या पिशव्या."

"ओल्या होत्या?"

"कायच्या ओल्या? तुमी ताडपत्री दाबून ठेवली होती नं."

"अन् त्या रात्री?"

"ज्वारी होती घरात. काऊन इतकं मनाले लावून घेतलं?"

 लिंबाला पाठ टेकून रंगरावांनी पाय लांब केले. कितीतरी दिवसांनी ते असे बसले होते.

तीस घरं पुन्हा झाली, उरलेलीही झाली. कुठे तेल कमी निघालं, कुठे दोन-दोन पिशव्या गेलेल्या. अर्पिताने सारं लिहून नेलं.

मजुरी हाती आली तशी रंगरावांनी खामगाव गाठलं. अंगठ्याएवढा जाड दोर आणला आणि नाल्याच्या दोन्ही काठांवरच्या बाभळींना आवळून बांधला, पुराच्या पाण्यातून जाताना धरायला.