थळच्या वाळूवरचा हात

महाविद्यालयाच्या संग्रहालयातले ते काचेचे कपाट उघडले की डांबरगोळ्यांचा वास येतो, आणि मी पुन्हा थळच्या किनाऱ्यावर उभा असतो.

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. आमचे प्राध्यापक मानववंशशास्त्रासाठी सकाळी कोळ्यांच्या डोक्यांची मापे घेत आणि दुपारी जनावरांची हाडे जमवत. किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या डॉल्फिनचा पर आम्ही सोलला आणि हाडे वाळूवर जशीच्या तशी मांडली. मनगट, तळवा, पाच बोटे. माणसाचाच हात जणू.

बघायला आलेल्या बायकांत राधी होती. तिचा नवरा होडीसकट बेपत्ता झालेला. समुद्राने धन्याला सांभाळावे म्हणून लग्नात तिने रीतीप्रमाणे उजव्या हातातल्या बांगड्या समुद्राला वाहिल्या होत्या. प्रेत मिळाले नव्हते, म्हणून डाव्या हातातल्या ती कुणाला फोडू देत नव्हती.

ती हाडांपाशी बसली. आपला मोकळा उजवा हात तिने अलगद त्यांच्याशेजारी ठेवला.

“बाई, हा मोठ्या माशाचा पर आहे,” प्राध्यापक तिला समजेल असे म्हणाले.

“माशाला बोटं कवा आसतान, सायेब?” तिने डावा हात दगडावर आपटला. हिरव्या काचा वाळूत उडाल्या. “मना येक बोट द्या. जाळायला कायतरी हवं.”

मापात केसभर चूक न खपवणाऱ्या त्या माणसाने करंगळी उचलून दिली.

अजूनही मुले कपाटातली ती हाडे बघून विचारतात, “सर, करंगळी हरवली का?”

“नाही,” मी सांगतो. “तिला अग्नी दिला.”